उघडा टाकलेला गोल

"पहिली जर्सी गोलकीपरची," आमचे कोच पैलवान म्हणाले, आणि नाव पुकारायच्या आधीच मी उठून दोन पावलं पुढं गेलो.

तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. मारुतीच्या पायाशी जर्सींची चवड, वर नारळ. मोठ्या मॅचच्या आधी आमच्यात असंच असतं. जर्सी आधी देवाच्या पायावर, मग एकेकाचं नाव, मग टाळ्या. ज्याचं नाव आलं तो खेळणार, ज्याचं आलं नाही त्यानं गपगुमान घरी जायचं. कोल्हापुरात तालीम म्हणजे आता कुस्ती कमी आणि फुटबॉल जास्त, आणि आमची वाघोबा तालीम अकरा वर्षांनी फायनलला आली होती. ती आली होती माझ्यामुळं. हे मी म्हणत नव्हतो, पेठ म्हणत होती. दारात पोरं "बोका! बोका!" करून ओरडत होती. बोका म्हणजे मी. सोळा वर्षांचा. ऋतुराज चौगले हे नाव फक्त शाळेच्या हजेरीपटावर होतं, आणि शाळा तर मी दहावीचा गणिताचा पेपर अर्धा टाकून उठलो त्या दिवशीच सुटली होती.

"महिपती परीट," पैलवान म्हणाले.

एकही टाळी वाजली नाही. माझा हात पुढंच होता.

मागं, चपलांच्या ढिगाजवळ बसलेले अण्णा उठले. महिपतअण्णा. वय एक्केचाळीस. आमचा दोन नंबरचा गोलकीपर, म्हणजे मॅचच्या आधी मला बॉल मारून अंग गरम करून देणारा माणूस. चार वर्षांत एक मॅच खेळले नव्हते.

"चेष्टा करताय व्हय पैलवान?" अण्णा म्हणाले.

"चेष्टा करायला देवासमोर बसलोय काय? घे."

"सेमीला तीन शॉट कुणी काढले?" मी ओरडलो. "ह्यांनी?"

"तूच काढलास की," पैलवान शांतपणे म्हणाले. "आणि मग गोल सोडून सेंटरपर्यंत पळत जाऊन त्या पोराच्या कानाखाली कुणी काढली?"

"आईवरनं शिवी दिली त्यानं."

"देणारच. फायनलला अकराच्या अकरा देतील. अकरा जणांच्या कानाखाली काढणार हाईस?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी वळून बघितलं तसं गप झालं.

"लाल कार्ड मिळालं न्हाई ही रेफ्रीची मेहरबानी," पैलवान म्हणाले. "फायनलला मला नुसते हात नकोत, डोकं पायजे. तू बाकावर."

मी दाराला लाथ घातली आणि बाहेर आलो. बाहेर पोरांनी मला खांद्यावरच घेतलं. संध्याकाळपर्यंत तालमीच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं, 'बोका नाही तर कप नाही'. ते मी पुसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिसला मी गेलो ते फक्त बघायला. गोलच्या मागं उभा राहिलो. येणारा बॉल उचलायचा आणि परत फेकायचा, हे आता माझं काम.

अण्णा तोंडानं गोल राखायचे. हात चालत होते त्याच्या दुप्पट जीभ. "ए पाटलाच्या, लग्नाला आलाईस काय, हल की!" "बॉलकडं नको, माणसाकडं बघ, बॉल काय जेवायला मागतोय व्हय!" आणि डावा बॅक सोन्या, त्याला तर एक मिनिट सोडत नव्हते. "सोन्या, तू माझ्या डाव्या खिशात राहायचं. खिशातनं बाहेर पडलास तर तंगडं मोडीन."

पोरं हसत होती आणि ऐकतही होती. मी मॅचमध्ये ओरडायचो तेव्हा हसत नव्हती आणि ऐकतही नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी दुसरंच काहीतरी बघत होतो.

उजवीकडनं बॉल आला की अण्णा पायाच्या आधी हलायचे. मारणारा पाय उचलतोय तोवर हे तिथं. पण डावीकडनं आला की आधी मान वळायची. नुसते डोळे नाही, अख्खी मान, नाकासकट. आणि मग हात. तेवढ्यात उशीर. डाव्या हाताला उंच मारलेल्या चार बॉलपैकी तीन आत गेले.

"वय झालं गड्या," असं म्हणून अण्णा स्वतःच हसले. सगळे म्हणाले, वय झालं.

मला ते वय वाटलं नाही.

अण्णांचं गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान. दुपारी मी तिथं गेलो ते भांडायला. त्यांनी स्वतःहून नको म्हणावं, एवढंच माझं म्हणणं होतं. अण्णा टेबलावर वाकून कुणाच्यातरी पॅन्टीची कड दाबत होते. त्यांची डावी बाजू दाराकडं. मी दारात उभा राहिलो. त्यांनी बघितलं नाही.

मी चप्पल काढली. एक पाऊल आत गेलो. हात वर केला. काही नाही. अजून एक पाऊल. आता माझा पंजा त्यांच्या डाव्या डोळ्यापासून वीतभर होता. मी बोटं हलवली. अण्णा तोंडानं हलगीचा ठेका धरून इस्त्री फिरवत होते. पापणी हलली नाही.

माझ्या अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला सांगू, आनंद पण झाला.

माझा पाय टेबलाला लागला तशी अख्खी मान वळली. "बोक्या! मांजरासारखा आलास की रं. भाजलं असतं न्हवं."

"अण्णा, तुम्ही पैलवानांना नको म्हणून सांगा."

त्यांनी इस्त्री उभी केली. "का म्हणून सांगू?"

"तुम्हाला झेपायचं न्हाई."

"कुणाला ठाऊक, झेपंल बी." टेबलाच्या कडेला टेकून ते माझ्याकडं बघत राहिले. राग नव्हता त्यात. "हे बघ, मी तीन फायनल खेळलो. तिन्ही हरलो. शेवटच्या वक्ताला अकरा वर्षं झाली. माझी बायको म्हणते, तुम्ही गोलात उभं राहिलासा की कप दुसरीकडं जातोय. ही एक खेळतो. बघतो जमतंय का. फुडच्या धा तुझ्या. मी काय मागाय गेलो न्हवतो पैलवानाकडं, पण दिलीय तर सोडवत न्हाई बघ."

"आणि ते काय झालं होतं भुवईला?"

डाव्या भुवईवरनं एक पांढरी रेघ गेलेली होती. पेठेत सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक होती, तरी मी विचारलं.

"हे? चिंचबनचा रंगराव. आता कोच झालाय तिकडं. उंच बॉलला तो पायानं आला, मी तोंडानं गेलो." अण्णा हसले. "चौदा वर्षं झाली. सात टाके. दवाखान्यात रडत बसला होता गडी, मलाच त्याला गप करावं लागलं. म्हटलं रंग्या, नुसती भुवई गेली, बाकी सगळं जाग्यावर हाय."

बाकी सगळं जाग्यावर नव्हतं. घरी जाताना मला एकेक जुळत गेलं. अण्णा आधी रिक्षा चालवायचे, ती त्याच वर्षी विकून त्यांनी इस्त्री घेतली होती. कंटाळा आला म्हणाले होते. चौदा वर्षं एका डोळ्यानं गोल राखत होता हा माणूस आणि कुणाला पत्ता नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, पैलवानांना जाऊन सांगायचं होतंस. तेही डोक्यात आलं. पण तसं केलं असतं तर पेठ म्हणाली असती, जागेसाठी बोक्यानं म्हाताऱ्याची चहाडी केली. मला तसं नको होतं. मला अण्णा हरायला हवे होते. स्टेडियममध्ये, वीस हजार लोकांसमोर. दोन गोल खाऊन. आणि मग पैलवानांनी मान वळवून बाकाकडं बघायला हवं होतं.

फायनल आमची चिंचबन तालमीशीच होती, आणि चिंचबनच्या पेठेत माझी आत्या दिलेली. आमच्याकडं एक रीत आहे, कुणी लिहून ठेवलेली नाही पण सगळे पाळतात. दोन पेठांची मॅच लागली की त्या आठवड्यात एकमेकांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. सोयरे असले तरी. भाऊ बहिणीकडं जात नाही, बहीण माहेरी येत नाही. मॅच झाली की हरलेल्याकडं जिंकलेल्यानं जेवायला जायचं. मी मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी गेलो.

आत्या दारातच म्हणाली, "कोण वारलं काय रं?"

"कोण न्हाई. सहज आलो."

"सहज? आज?" तिनं गल्लीत दोन्हीकडं बघितलं आणि मला आत ओढलं. "तुझ्या बाला कळलं तर जीव घेईल तुझा. बस. जेवलाईस का?"

माझा आतेभाऊ धैर्यशील आतल्या खोलीत बूट पुसत बसला होता. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, चिंचबनचा सेंटर फॉरवर्ड. मला लहानपणी गोलात उभा करून बॉल मारायचा तो हाच. मला बघून त्याचा हात थांबला.

"तुला बसवलंय म्हणं," तो म्हणाला. "खरं हाय?"

"खरं हाय. तुला एक सांगतो."

"मॅचचं असंल तर नको."

"अण्णाला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई."

तो परत बूट पुसायला लागला.

"हात हलवून बघितलाय मी डोळ्याजवळ. रंगरावचा बूट बसलेला ना, तवापासनं गेलाय. डाव्या हाताला उंच मारा. एक पण निघायचा न्हाई."

धैर्यानं फडकं खाली ठेवलं. "तुझ्याच तालमीचं हे तू मला का सांगतोस?"

"माझी कसली तालीम? मला बसवलंय."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता मारतोय. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो नुसता म्हणाला, "जेवून जा. आईनं ताट केलंय." आणि स्वतः मात्र चप्पल घालून बाहेर निघून गेला. मी आत्याच्या हातची वांग्याची भाजी खाल्ली. दोन भाकरी खाल्ल्या. मला वाटलं, धैर्या गेला सांगायला. काम झालं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मॅच. स्टेडियमच्या एका अंगाला आमचा पिवळा, दुसऱ्या अंगाला त्यांचा हिरवा. अण्णा गोलाकडं निघाले तेव्हा आमच्याच बाजूनं शिट्ट्या झाल्या. "ओ इस्त्रीवाले, घडी मोडंल!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा पिवळा हसला. अण्णांनी हात जोडून नमस्कार केला आणि गोलात जाऊन उभे राहिले. मी बाकावर, हातमोजे घालून तयार. पहिला गोल कधी पडतोय याची वाट बघत.

पडला तो त्यांच्यावर. अठराव्या मिनिटाला आमच्या पाटलाच्या पोरानं डोक्यानं मारला. एक शून्य.

मग चिंचबन सुटली. एकामागून एक. आणि अण्णांनी काढलं. एक पोटावर घेतला, एक मुठीनं उडवला, एक तर खांबाला चिकटून बोटांच्या टोकानं बाहेर घालवला. शिट्ट्या थांबल्या. टाळ्या आल्या. सगळे बॉल अण्णांच्या उजव्या हाताला होते.

मला आधी वाटलं, योगायोग असेल. मग धैर्या एकदा एकटाच आत घुसला. अण्णांच्या डाव्या बाजूला अख्खा गोल मोकळा. शेंबडं पोरगं पण मारेल असा. आणि त्यानं बॉल थांबवला, वळवला आणि उजवीकडं मारला. अण्णांनी आरामात धरला. मी बाकावर मांडीवर मूठ मारून घेतली. सांगितलेलं विसरला काय हा?

हाफटाइमला अण्णा पाणी प्यायला माझ्याजवळ आले. घामानं निथळत होते, पण चेहरा पोरासारखा झाला होता.

"बोक्या, तू बाहेरनं बघतोयस," ते हळूच म्हणाले. "ते माझ्या डाव्या अंगाला का मारत न्हाईत रं?"

मी हातमोज्याचा पट्टा काढून परत लावला. "तुम्हीच सोन्याला तिथं उभा केलाय की."

"व्हय. सोन्या हाय न्हवं." त्यांनी एक घोट घेतला. अजून एक घेतला. पण नजर माझ्यावरनं काढली नाही. मग बाटली मला देऊन निघून गेले.

सत्तराव्या मिनिटाला सोन्यानं पाय घातला, धैर्या पडला, आणि रेफ्रीनं पेनल्टी दिली.

धैर्यानं बॉल ठेवला. अण्णा गोलाच्या मध्यावर उभे. त्यांनी दोन्ही खांब हातानं चाचपून घेतले होते, जीभ पहिल्यांदाच बंद होती. धैर्या मागं गेला. तेवढ्यात अण्णा एक पाऊल उजवीकडं सरकले. मग अजून एक. मग अजून एक. उजव्या खांबापासून हातभर अंतरावर जाऊन थांबले.

त्यांच्या डावीकडचा सगळा गोल उघडा. बैलगाडी जाईल एवढा.

आमच्या बाजूला आधी कुणाला काही कळेना, मग एकदम गलका उठला. म्हाताऱ्यानं डाव टाकलाय! पोराला खेळवतोय! लोक उभे राहिले. माझ्या शेजारी पैलवान पुटपुटत होते, "काय करतोय, काय करतोय हा..."

मी धैर्याकडं बघत होतो. त्यानं त्या उघड्या गोलाकडं बघितलं. मग मान वळवून त्यांच्या बाकाकडं बघितलं. तिथं रंगराव उभा होता. दोन्ही हात डोक्यावर.

धैर्या पळत आला आणि त्यानं बॉल अण्णांच्या उजव्या हाताला मारला. अण्णा जिथं उभे होते तिथंच. उडी मारावी लागली नाही. बॉल छातीशी आला, त्यांनी धरला.

सगळा पिवळा पेटला. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. "अण्णा! अण्णा!" जी पोरं माझं नाव घेऊन भिंतीवर लिहीत होती, ती कुंपणावर चढून अण्णांचं नाव घेत होती.

आणि अण्णा बॉल छातीशी धरून गुडघ्यावर बसले होते. उठत नव्हते.

माझं डोकं गरम आहे, पण डोळे चांगले आहेत. त्या एवढ्या माणसांत तो डाव नव्हता हे चार जणांना कळलं होतं. अण्णांना, धैर्याला, रंगरावला आणि मला.

अण्णा उठले. बॉल पायानं सरळ रेषेबाहेर घालवला. मग आमच्याकडं बघून हात वर केला आणि बोट फिरवलं. बदला.

"पाय धरला काय अण्णांचा?" पैलवान ओरडले. "बोक्या, ऊठ! ऊठ!"

चार दिवस मी ह्याच शब्दांची वाट बघितली होती.

मी रेषेवर जाऊन उभा राहिलो. अण्णा सावकाश चालत आले, पण सरळ माझ्याकडं आले नाहीत. आधी चिंचबनच्या बाकापाशी थांबले. मी दहा पावलांवर होतो. एवढ्या गलक्यात मला ते ऐकू आलं, कारण मी कान तिथंच लावले होते.

"रंग्या, तुला कधी कळलं?"

रंगरावनं मान वर केली नाही. "काल."

"पोरांना तू सांगितलास, तिकडं मारू नका म्हणून?"

"महिपती, माझ्या हातनं गेला रं तुझा डोळा. मी कुठल्या तोंडानं त्यांना सांगू, तिथंच मारा म्हणून?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून चौदा वर्षं घरात पण बोललो न्हाई मी," अण्णा म्हणाले. आवाज चढला नाही. "माझी मॅच का खाल्लीस रं?"

रंगराव रडायला लागला. मोठा माणूस, शर्टाच्या बाहीत तोंड घालून. अण्णांनी ह्या वेळी त्याला गप केलं नाही.

मग माझ्यासमोर आले. बदली होताना हातावर हात मारायचा असतो, तसा मारला. त्यांचा चांगला डोळा माझ्या तोंडावर होता. काल कळलं म्हटल्यावर त्यांनी हिशेब लावला असणार. माझी आत्या कुठल्या पेठेत दिलीय हे त्यांना ठाऊक होतं, तिच्या लग्नात जेवणाच्या पंगती त्यांनीच वाढल्या होत्या.

"जा," ते म्हणाले. "डावीकडं बघ. आता मारतील."

मारलं. पहिला बॉल दोन मिनिटांत आला, डाव्या हाताला, उंच, आणि मारणारा धैर्या. तो काढताना माझी दोन बोटं मागं गेली. मग उजवीकडनं आला, मग परत डावीकडनं. चौघांचे चार काढले. माझ्या आयुष्यातली ती वीस मिनिटं सगळ्यात चांगली खेळलो असेन. शिट्टी वाजली. एक शून्य. कप आमचा.

गुलाल उडाला. पोरं मैदानात घुसली, माझ्या अंगावरनं पुढं गेली आणि अण्णांना खांद्यावर घेतलं. अण्णा वर बसून हात हलवत होते. तोंड उघडं होतं, हसल्यासारखं. मी बघितलं आणि मान खाली घातली.

धैर्या माझ्याजवळ आला. मला वाटलं हात मिळवतोय.

"मी कोचना नुसतं विचारलं होतं," तो म्हणाला. "खरं हाय का एवढंच. मला वाटलं, त्यांना ठाऊकच असंल. ते समोरच्या ताटावरनं उठले. सकाळपर्यंत कुणाशी बोलले न्हाईत. सकाळी सगळ्यांना बसवलं आणि कारण न सांगता शपथ घातली, महिपती गोलात हाय तवर त्याच्या डाव्या अंगाला मारायचं न्हाई."

"आणि तू ऐकलास? फायनल हरलास?"

"शपथ घातली म्हटलं न्हवं." त्यानं तोंडावरचा घाम पुसला. "रीत हाय म्हणून तुझ्या घरचे येतील आमच्याकडं जेवायला. तू येऊ नको."

मी गेलो नाही. त्या वर्षीही नाही आणि पुढंही नाही. आत्या अजून विचारते.

अण्णा तालमीत यायचे बंद झाले. गुडघा म्हणाले. पण त्यांची पेनल्टी तालमीतनं गेली नाही. कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभे राहा, कोणीतरी सांगतंच. म्हाताऱ्यानं गोल उघडा टाकला, पोराचं डोकं फिरवलं, आणि जिथं उभा होता तिथं बॉल आपणहून चालत आला. शाळेतली पोरं गल्लीत तसं करून बघतात. तीन पावलं उजवीकडं.

ह्या वर्षी तालमीनं त्यांचा सत्कार ठेवला. तीन वर्षं झाली त्या मॅचला. मी आता एक नंबरचा गोलकीपर आहे, शिव्या दिल्या तरी जागेवरनं हलत नाही. पैलवान स्वतः जाऊन अण्णांना घेऊन आले. मारुतीच्या समोर खुर्ची, शाल, नारळ, फेटा. तालीम भरली होती. लहान पोरं पुढं मांडी घालून बसलेली.

"बोक्या, तू रेषेवरनं बघितलंस," पैलवान म्हणाले आणि माईक माझ्या हातात दिला. "पोरांना सांग ती पेनल्टी."

मी उभा राहिलो. अण्णांनी अख्खी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी खरं सांगणार होतो. देवाशपथ, तोंडात आलं होतं. अण्णांनी मान हलवली. थोडीशीच. नको.

मग मी ते सगळे सांगतात तसं सांगितलं. जास्तच सांगितलं. म्हाताऱ्यानं कसा डाव टाकला, धैर्याचे पाय कसे लटपटले, बैलगाडी जाईल एवढा गोल. पोरं शिट्ट्या मारत होती. पैलवान डोळे पुसत होते. अण्णा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रम झाल्यावर मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेलो. नारळ माझ्या हातात, शाल त्यांच्या खांद्यावर. तीन वर्षांत आम्ही दोघं एकटे असे पहिल्यांदाच. मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तेच थांबले.

"बोक्या, एक विचारू? तू समोरनं बघत होतास म्हणून."

"विचारा अण्णा."

"धैर्यानं ती पेनल्टी जोरात मारली होती काय रं?"

गल्लीत कोणी नव्हतं. मला वाटलं, एवढं तरी देऊ त्यांना.

"लई जोरात, अण्णा. तुम्ही होता म्हणून धरली. माझ्या हातनं सुटली असती."

अण्णांनी माझ्या हातातनं नारळ घेतला. दुसरा हात पुढं धरून तळव्याकडं बघत राहिले.

"व्हय?" ते म्हणाले. "हाताला तर तसं काय वाटलं न्हवतं."